संगणकीय भाषा आणि प्रकार-तपासणीची साधने : ग्रामीण नोंदींच्या संदर्भात एक तौलनिक विवेचन

सारांश

आज्ञावली लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी एक मोठा वर्ग हा माहितीच्या प्रकारासंबंधीच्या चुकांचा असतो. अशी चूक आज्ञावली लिहिली जात असताना सापडते, ती चालू असताना सापडते की कधीच सापडत नाही, हे निवडलेल्या भाषेवर आणि तिच्यासोबत वापरलेल्या तपासणी-साधनावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात सी, जावा, जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, पायथन, पीएचपी, रस्ट, हॅस्केल इत्यादी भाषांची या एकाच निकषावर तुलना केली आहे. जमिनीचे क्षेत्र, गट क्रमांक, बँक खाते क्रमांक आणि देवनागरी नावे या ग्रामीण महाराष्ट्रातील नित्याच्या नोंदी उदाहरणादाखल घेतल्या आहेत.

बीजसंज्ञा : संगणकीय भाषा, प्रकार-तपासणी, स्थिर विश्लेषण, युनिकोड, भूमी अभिलेख.

प्रस्तावना

नागपूर जिल्ह्यातील भिवापूर तालुका मिरचीच्या वाणासाठी ओळखला जातो. उमरेडमार्गे नागपूरशी जोडलेल्या या तालुक्यातील शेतकऱ्याचा संगणकाशी थेट संबंध फारसा येत नाही, असे वरवर पाहता वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. सातबाऱ्याचा उतारा २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला. २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करू लागला. अनुदानाची रक्कम बँक खात्यात थेट जमा होते. अडत दुकान, कृषी सेवा केंद्र आणि पतसंस्था यांचे हिशेबही आता संगणकावर ठेवले जातात. या प्रत्येक व्यवहाराच्या मुळाशी कोणीतरी लिहिलेली आज्ञावली असते आणि त्या आज्ञावलीत शेतकऱ्याची ओळख काही आकड्यांपुरती व अक्षरांपुरती उरलेली असते.

एक साधे उदाहरण घेता येईल. एका शेतकऱ्याकडे २ एकर ३५ गुंठे आणि १ एकर २० गुंठे असे दोन तुकडे आहेत. बोलताना व लिहिताना हे क्षेत्र सर्रास २.३५ आणि १.२० असे मांडले जाते. आज्ञावलीकाराने हे आकडे दशांश अपूर्णांक समजून साठवले, तर बेरीज ३.५५ येते. एक एकर म्हणजे ४० गुंठे असल्याने खरी बेरीज ४ एकर १५ गुंठे आहे. ३.५५ हा आकडा पुढे दशांश एकर म्हणून वाचला गेला, तर तो ३ एकर २२ गुंठे होतो. म्हणजेच कोणीही लबाडी न करता ३३ गुंठे जमीन हिशेबातून नाहीशी झाली. आज्ञावली बंद पडली नाही, सूचना आली नाही आणि छापील कागदावर आकडा नीटनेटका दिसला.

अशी चूक कोणती भाषा पकडते, कोणती पकडत नाही आणि पकडण्यासाठी आज्ञावलीकाराला काय करावे लागते, हा या विवेचनाचा विषय होय.

‘प्रकार’ म्हणजे काय?

संगणकाच्या स्मृतीत शेवटी सर्व काही शून्य आणि एक यांच्या रूपातच असते. त्या अंकांच्या समूहाला पूर्णांक समजावे, अपूर्णांक समजावे, मजकूर समजावा की दिनांक, हे ठरवणारा जो नियम, त्यास प्रकार म्हणजेच टाइप म्हणतात. प्रकार म्हणजे मूल्यांचा एक संच आणि त्या मूल्यांवर कोणत्या क्रिया करता येतात याची मर्यादा. दोन पूर्णांकांचा गुणाकार करता येतो, दोन गावांच्या नावांचा करता येत नाही.

ही कल्पना भिवापूरच्या वाचकाला रेल्वेच्या उदाहरणावरून सहज उमजेल. इतवारी ते नागभीड हा भिवापूरवरून जाणारा लोहमार्ग २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत नॅरोगेज होता. त्याच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर होते, तर नागभीडवरून जाणाऱ्या गोंदिया–बल्लारशाह ब्रॉडगेज मार्गाचे अंतर १६७६ मिलिमीटर आहे. एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर चालत नसे. माल पुढे न्यायचा तर तो उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. प्रकार म्हणजे आज्ञावलीतील रुळांचे अंतर आणि प्रकार-बदल म्हणजे हा माल उतरवण्याचा व भरण्याचा खटाटोप. रुळांचे अंतर डोळ्यांना दिसते, आज्ञावलीतील प्रकार मात्र दिसत नाही, म्हणून तेथे तपासणीची गरज भासते.

तुलनेचे दोन अक्ष

भाषांची तुलना करताना दोन भिन्न बाबींची नेहमी गल्लत केली जाते. पहिली बाब तपासणीच्या वेळेची. सी, जावा, रस्ट, हॅस्केल यांसारख्या भाषांत आज्ञावली चालण्यापूर्वी, कंपायलरकडून तपासणी होते. त्यांना स्थिर-प्रकार भाषा म्हणतात. पायथन, जावास्क्रिप्ट, रुबी, पीएचपी यांत ती प्रत्यक्ष चालताना होते. त्यांना गतिमान-प्रकार भाषा म्हणतात. दुसरी बाब तपासणीच्या काटेकोरपणाची. प्रकार जुळत नसताना भाषा काम थांबवते की आपल्या मनाने प्रकार बदलून पुढे जाते, हा दुसरा प्रश्न आहे.

या दोन बाबी परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे एका छोट्या प्रयोगावरून दिसून येते. ‘२५’ हा मजकूर आणि ५ हा अंक (दोन्ही रोमन अंकलिपीत टंकलिखित केलेले असे समजावे) यांची बेरीज करण्यास सांगितली असता निरनिराळ्या भाषा पुढीलप्रमाणे वागतात.

जावास्क्रिप्ट अंकाचा मजकूर करून ‘२५५’ असे उत्तर देते. हीच भाषा वजाबाकीच्या वेळी उलट वागते, मजकुराचा अंक करते आणि २० असे उत्तर देते. पीएचपी बेरजेचे उत्तर ३० देते. पायथन आज्ञावली चालत असताना त्या ओळीवर येताच प्रकार-दोष दाखवून थांबते. हॅस्केल आणि रस्ट आज्ञावली चालूच देत नाहीत. जावा ही स्थिर-प्रकार भाषा असूनही तिच्या नियमाप्रमाणे ‘२५५’ असाच मजकूर तयार करते. सी या भाषेत तर मजकूर हा स्मृतीतील पत्ता असल्याने त्या पत्त्यापुढे पाच घरे जाण्याची आज्ञा समजली जाते. ती जागा त्या मजकुराच्या हद्दीबाहेरची असली तरी सी भाषेच्या नियमाने ही आज्ञा प्रकारदृष्ट्या ग्राह्य ठरते.

यावरून असे म्हणता येईल की स्थिर-प्रकार भाषा सुरक्षित आणि गतिमान-प्रकार भाषा असुरक्षित, ही सरधोपट विभागणी योग्य नाही. सी भाषा स्थिर आहे पण सैल आहे. पायथन गतिमान आहे पण काटेकोर आहे.

देवनागरी अंक आणि अक्षरे

इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सहसा न आढळणारा एक प्रश्न मराठी आज्ञावलीकारापुढे रोज उभा राहतो. शेतकऱ्याने ‘४५’ हा आकडा देवनागरी अंकांत लिहिला तर काय होते? पायथन आणि जावा या भाषांतील मजकुराचा पूर्णांक करणारी नेहमीची साधने देवनागरी अंक ओळखतात व ४५ हेच मूल्य देतात. सी भाषेतील जुने साधन कोणतीही तक्रार न करता शून्य देते. पीएचपीमध्ये पूर्णांकात सक्तीने रूपांतर केल्यास उत्तर शून्यच येते. जावास्क्रिप्ट ‘अंक नव्हे’ असे एक विशेष मूल्य देते आणि ते पुढच्या प्रत्येक गणितात पसरत जाते. गमतीचा भाग असा की या ‘अंक नव्हे’ मूल्याचा प्रकार त्या भाषेत अंक हाच आहे. त्यामुळे जावास्क्रिप्टवर उभारलेल्या टाइपस्क्रिप्टलाही येथे काही वावगे दिसत नाही.

रस्टची रीत वेगळी आहे. ती देवनागरी अंक ओळखत नाही, परंतु रूपांतराचे उत्तर ‘यश किंवा दोष’ अशा जोड-प्रकारात देते. दोषाचा विचार केल्याशिवाय आकडा हाती लागत नाही. ज्याला अंक समजत नाही पण तसे जो स्पष्ट सांगतो, तो कारकून मुकाट्याने शून्य लिहिणाऱ्या कारकुनापेक्षा बरा, हे तत्त्व येथे लागू पडते.

नावांच्या बाबतीतही असेच आहे. ‘भिवापूर’ या शब्दात किती अक्षरे आहेत? मराठी वाचक भि, वा, पू, र अशी चार मोजेल. युनिकोडमध्ये व्यंजन आणि स्वरचिन्ह स्वतंत्र असल्याने तेथे सात संकेत होतात. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी संकेताला तीन बाइट लागतात, म्हणून एकूण २१ बाइट होतात. यूटीएफ-८ मजकुराची लांबी विचारली असता सी, गो आणि रस्ट २१ सांगतात. जावा, जावास्क्रिप्ट आणि पायथनची तिसरी आवृत्ती ७ सांगतात. स्विफ्ट ४ सांगते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, परंतु वीस बाइटांच्या रकान्यात हे नाव भरू पाहणाऱ्या आज्ञावलीत शेवटचे अक्षर अर्धवट तुटते.

पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत बाइटांची माळ आणि युनिकोड मजकूर यांची सरमिसळ सहज होत असे. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हे दोन स्वतंत्र प्रकार मानले व त्यांची बेरीज अमान्य केली. या बदलामुळे जुन्या आज्ञावल्या मोडल्या, संक्रमण लांबले आणि दुसऱ्या आवृत्तीचे अधिकृत पाठबळ १ जानेवारी २०२० रोजी संपुष्टात आले. हा त्रास केवळ इंग्रजीत काम करणाऱ्यांना अनाठायी वाटला असेल, मराठीत काम करणाऱ्यांना मात्र तो लाभदायकच ठरला.

जुन्या भाषांना जोडलेली नवी साधने

भाषा बदलणे ही खर्चिक बाब आहे. म्हणून भाषा तीच ठेवून तपासणीचे साधन बाहेरून जोडण्याचा मार्ग पुढे आला. त्याची मुळे जुनी आहेत. सी भाषेतील संशयास्पद ओळी दाखवणारे ‘लिंट’ हे साधन बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकातच तयार केले होते. त्याच काळात, १९७८ मध्ये, रॉबिन मिल्नर यांनी एमएल भाषेच्या संदर्भात असे दाखवले की आज्ञावलीकाराने प्रकार लिहिले नाहीत तरी कंपायलरला ते संदर्भावरून ताडता येतात. २००६ मध्ये जेरेमी सीक आणि वालिद ताहा यांनी क्रमशः प्रकार-योजनेची कल्पना मांडली. आज्ञावलीच्या काही भागाला प्रकार लावावेत, काही भाग तसाच ठेवावा आणि दोहोंच्या सीमेवर तपासणी करावी, असे तिचे स्वरूप आहे.

टाइपस्क्रिप्ट : मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही भाषा जावास्क्रिप्टलाच प्रकारांची जोड देते. तपासणी झाल्यावर प्रकार पुसले जातात आणि उरते ती साधी जावास्क्रिप्ट. त्यामुळे ब्राउझरमध्ये कोणताही बदल करावा लागला नाही. संपादकात चूक लगेच अधोरेखित होते, हा तिचा मोठा लाभ होय. मात्र प्रकार पुसले जात असल्याने बाहेरून, उदाहरणार्थ सर्व्हरकडून, येणाऱ्या माहितीची तपासणी ती चालू असताना करत नाही.

मायपाय आणि पायराइट : २०१५ मधील पायथन ३.५ पासून पायथनमध्ये प्रकारांच्या सूचना लिहिण्याची प्रमाणित पद्धत आली. पायथन स्वतः त्या सूचना पाळण्याची सक्ती करत नाही. तपासणीचे काम मायपायसारखे वेगळे साधन करते. युक्का लेहतोसालो यांच्या केंब्रिज येथील संशोधनातून मायपाय उदयास आले. ड्रॉपबॉक्स या कंपनीने आपल्या पायथन आज्ञावलीच्या सुमारे ४० लाख ओळी या पद्धतीने तपासणीखाली आणल्याचे २०१९ मध्ये जाहीर केले. मायक्रोसॉफ्टचे पायराइट हे त्याच वर्षी आलेले दुसरे साधन वेगासाठी व संपादकातील वापरासाठी पसंत केले जाते.

पीएचपी : लहान संस्थांच्या संकेतस्थळांत ही भाषा आजही मोठ्या प्रमाणावर आढळते. २०१५ मधील सातव्या आवृत्तीत अंक व मजकूर यांचे प्रकार फलनाच्या निविष्टीला लावण्याची सोय झाली. २०२० मधील आठव्या आवृत्तीत अंक नसलेल्या मजकुराशी गणित केल्यास दोष दाखवला जाऊ लागला. पीएचपीस्टॅन हे साधन आज्ञावली न चालवता तिची तपासणी करते आणि कडकपणाची पातळी टप्प्याटप्प्याने वाढवू देते.

रिकाम्या मूल्याचा प्रश्न

अर्जातील मोबाइल क्रमांकाचा रकाना रिकामा राहिला तर आज्ञावलीने काय समजावे? अशा ‘काहीच नाही’ या मूल्याची सोय टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत केली. पुढे २००९ मध्ये त्यांनी स्वतःच ही आपली अब्जावधी डॉलरची चूक असल्याचे म्हटले. जावामध्ये कोणत्याही वस्तूच्या जागी रिकामे मूल्य येऊ शकते आणि ते वापरताच आज्ञावली कोसळते. रस्ट, स्विफ्ट आणि कोटलिन या नंतरच्या भाषांत ‘रिकामे असू शकणारा’ आणि ‘रिकामे असू न शकणारा’ असे दोन स्वतंत्र प्रकार मानले जातात. टाइपस्क्रिप्टने हीच सोय २०१६ मध्ये ऐच्छिक स्वरूपात दिली. मायपायही ती तपासते. रोजच्या कामात सर्वाधिक उपयोगी पडणारी तपासणी कोणती, असे विचारल्यास याच तपासणीचे नाव आधी घ्यावे लागेल.

साधने काय पकडत नाहीत?

आता प्रस्तावनेतील एकर-गुंठ्यांच्या उदाहरणाकडे वळता येईल. २.३५ आणि १.२० हे दोन्ही आकडे दशांश अपूर्णांक म्हणून घोषित केले असतील, तर वर उल्लेखिलेल्या एकाही साधनाला बेरजेत दोष दिसणार नाही. हॅस्केललाही नाही आणि रस्टलाही नाही. अपूर्णांक अधिक अपूर्णांक बरोबर अपूर्णांक, हे प्रकाराच्या दृष्टीने निर्दोष आहे. तीच अक्षरे एकर-डिसमिल पद्धतीत २ एकर ३५ डिसमिल म्हणजे एकराचे ३५ शतांश असा अर्थ देतात, तर सातबाऱ्यावर हेक्टर-आर पद्धतीत २ हेक्टर ३५ आर असा. आकडा एक, अर्थ तीन. हे अर्थ आज्ञावलीकाराच्या डोक्यात राहिले आणि आज्ञावलीत उतरलेच नाहीत, तर साधनाने तपासायचे तरी काय?

या प्रकारच्या चुकीचे जागतिक उदाहरण सुपरिचित आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका आज्ञावलीने बलाचा आवेग पौंड-सेकंदांत दिला होता, तर दुसरीने तो न्यूटन-सेकंदांत आहे असे गृहीत धरले. दोन्हीकडे तो केवळ एक अंक होता. ४ जून १९९६ रोजी कोसळलेल्या एरियान ५ प्रक्षेपकाचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथे वापरलेली एडा ही भाषा अत्यंत काटेकोर होती. तरीही ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मूल्य मर्यादेबाहेर गेले. एरियान ४ साठी पुरेशी ठरलेली ही मर्यादा नव्या प्रक्षेपकाच्या वेगाला पुरली नाही.

उपाय आहे, परंतु तो आज्ञावलीकारालाच करावा लागतो. एकर-गुंठे असा स्वतंत्र प्रकार घडवावा, त्यात एकर आणि गुंठे हे दोन पूर्णांक ठेवावेत, गुंठे ० ते ३९ यांच्या बाहेर जाणार नाहीत अशी अट घालावी आणि बेरजेचा नियम त्या प्रकारातच लिहावा. हेक्टर-आरसाठी दुसरा प्रकार करावा. मग या दोहोंची परस्पर बेरीज करू पाहताच हॅस्केल, रस्ट किंवा जावाचा कंपायलर ती नाकारतो. पायथनमध्ये असा वर्ग केल्यास मायपाय तीच कामगिरी बजावते.

येथे टाइपस्क्रिप्टचा एक विशेष ध्यानात घ्यावा लागतो. ती प्रकाराचे नाव न पाहता घडण पाहते. दोन प्रकारांची घडण सारखी असेल तर नावे वेगळी असूनही ती त्यांना एकच मानते. ‘एकर’ आणि ‘हेक्टर’ अशी दोन नावे साध्या अंकाला दिली, तर ती नावे वाचणाऱ्याच्या सोयीपुरतीच राहतात. त्यांना वेगळे ठेवण्यासाठी प्रकारात एखादी भेददर्शक खूण मुद्दाम घालावी लागते.

याच न्यायाने काही नोंदी अंकांसारख्या दिसल्या तरी त्या अंक नसतात. गट क्रमांक ‘४५/२’ हा भागाकार नव्हे, आणि ‘३/२’ असा क्रमांक रोमन अंकांत भरल्यास स्प्रेडशीट त्याचा दिनांक करून टाकते. बँक खाते क्रमांक अंक म्हणून साठवल्यास आरंभीची शून्ये गळतात. शिवाय जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ या सोळा अंकी संख्येच्या पुढे पूर्णांकांची अचूकता राहत नाही, तर भारतातील खाते क्रमांक अठरा अंकांपर्यंत लांब असू शकतात. ज्याची बेरीज-वजाबाकी कधीच करावयाची नाही तो अंक नव्हे, मजकूर होय, असा साधा नियम येथे पाळता येतो.

एक मर्यादा मात्र प्रकारांच्या आवाक्याबाहेरच राहते. युनिकोडपूर्व काळातील मराठी फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच असतो. तोही मजकूर आणि युनिकोडही मजकूर, म्हणून साधन दोन्ही स्वीकारते. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये निश्चित झाले होते व पुण्याच्या सी-डॅक संस्थेने त्या क्षेत्रात मोठे कार्य केले, तरी व्यवहारात फाँटागणिक संकेत बदलत राहिले. अशा जुन्या नोंदी स्वीकारताना त्या आधी युनिकोडमध्ये आणणे हाच मार्ग उरतो.

प्रत्यक्ष लाभ किती?

प्रकार-तपासणीमुळे चुका किती कमी होतात, यावर संशोधन झाले आहे. झेंग गाव, ख्रिश्चन बर्ड आणि अर्ल बार यांनी २०१७ मध्ये सार्वजनिक जावास्क्रिप्ट प्रकल्पांतील दुरुस्त झालेल्या चुका तपासल्या. त्यांपैकी सुमारे १५ टक्के चुका टाइपस्क्रिप्ट किंवा फ्लो या साधनाने आधीच पकडल्या असत्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दुसरीकडे, गिटहबवरील प्रकल्पांच्या आधारे भाषा आणि चुकांचे प्रमाण यांचा संबंध दाखवणारा २०१४ मधील एक गाजलेला अभ्यास २०१९ मध्ये अन्य संशोधकांनी पुन्हा करून पाहिला असता त्यातील बहुतेक निष्कर्ष टिकले नाहीत. तात्पर्य, लाभ खरा आहे, परंतु केवळ भाषा बदलल्याने आज्ञावली निर्दोष होते, या समजुतीला आधार नाही.

महाराष्ट्रात या विषयाच्या अभ्यासाची परंपरा आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या संशोधन केंद्रात आज्ञावली न चालवता तिच्यातील शून्याने भागाकार, मर्यादेबाहेरील प्रवेश इत्यादी दोष शोधण्याच्या पद्धतींवर काम झाले. मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर व अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला माहिती-प्रवाहाच्या विश्लेषणावरील इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये प्रकाशित झाला. ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपर्यंत मात्र हा विषय बहुधा कंपायलरने दाखवलेल्या दोषांच्या त्रासाच्या रूपानेच पोहोचतो.

निवडीचे निकष

वरील विवेचनावरून लहान गटात काम करणाऱ्या आज्ञावलीकारासाठी पुढील निकष सुचवता येतील.

१. नवे काम आरंभताना आणि आर्थिक अथवा भूमीविषयक नोंदी हाताळताना चालण्यापूर्वी तपासणी करणारी भाषा किंवा साधन असणे आवश्यक मानावे.

२. जुनी आज्ञावली असल्यास भाषा बदलण्याच्या आधी त्याच भाषेसाठीचे साधन जोडावे. मायपाय, पायराइट, टाइपस्क्रिप्ट आणि पीएचपीस्टॅन विनामूल्य उपलब्ध असल्याने खर्च हा अडसर राहत नाही.

३. साधन सौम्य पातळीवर सुरू करून हळूहळू कडक करावे. पहिल्याच दिवशी हजारो सूचना आल्यास त्या वाचल्या जात नाहीत.

४. ‘कोणताही’ हा सर्वसमावेशक प्रकार शक्य तितका टाळावा. तो लिहिणे म्हणजे त्या ठिकाणी तपासणी बंद करणे होय.

५. एकके, क्रमांक आणि रिकामी मूल्ये यांना स्वतंत्र प्रकार द्यावेत.

६. बाहेरून येणारी माहिती प्रवेशद्वारीच तपासावी, कारण आतील प्रकार तिच्या खरेपणाची हमी देत नाहीत.

समारोप

आज्ञावलीतील चूक कोठेतरी सापडतेच. ती आज्ञावलीकाराच्या पडद्यावर सापडली तर काही मिनिटांचा वेळ जातो. कार्यालयात सापडली तर एक दिवस जातो. ती शेतकऱ्याच्या हातातील कागदावर सापडली तर त्याला भिवापूरच्या तहसील कार्यालयात पुन्हा पुन्हा खेपा घालाव्या लागतात, आणि आपल्या ३३ गुंठ्यांचा पुरावा त्यालाच द्यावा लागतो. प्रकार-तपासणीने चुकांची संख्या किती घटते हा संशोधनाचा विषय आहेच. परंतु चुकीचा भार कोणी वाहावा, हे ठरवण्याचे ते एक साधन आहे, ही बाब अधिक महत्त्वाची होय. भाषा कोणतीही निवडली तरी जमिनीचे माप, माणसाचे नाव आणि खात्याचा क्रमांक यांचा अर्थ आज्ञावलीत स्पष्टपणे उतरवणे हे आज्ञावलीकाराचे काम राहते. ते काम झाले असेल तरच साधनाला तपासण्याजोगे काही मिळते.